हॉथॉर्नच्या गॅरेजमधला वाद्यमेळ

बीटल्स ज्यांच्या कानात मुरलेले आहेत, अशा कुणालाही 1970 सालचा एक अल्बम नाव न सांगता ऐकवावा. बारा गाणी आहेत, सगळी मिळून अर्ध्या तासापेक्षा थोडी जास्त. पहिल्या गाण्याच्या पहिल्याच कडव्याला मान डोलायला लागते आणि दुसरं गाणं संपेपर्यंत ठरलेला प्रश्न येतो: हे पॉल मॅकार्टनीचं कुठलं? आम्ही कसं कधी ऐकलं नाही?

मॅकार्टनीचा या गाण्यांशी काही संबंध नाही. गाणी लिहिली, चाली बांधल्या, मुख्य आवाज दिला, मागचे सगळे आवाज दिले, ड्रम, बेस, पियानो आणि गिटार वाजवली, हे सगळं एकाच मुलानं. त्याचं वय तेव्हा जेमतेम वीस. जागा कॅलिफोर्नियातल्या हॉथॉर्न नावाच्या उपनगरातली, आईवडिलांच्या घराचं गॅरेज. मुलाचं नाव एमिट ऱ्होड्स, आणि अल्बमचं नावही तेच.

हा अल्बम कुणाला कळलाच नाही, असं मात्र नाही. ‘बिलबोर्ड’च्या अल्बमच्या यादीत तो 29व्या क्रमांकापर्यंत चढला. त्यातलं ‘फ्रेश ॲज अ डेझी’ हे गाणं सिंगल म्हणून निघालं आणि 54व्या क्रमांकापर्यंत पोचलं. वीस वर्षांच्या मुलानं घरी बसून केलेल्या कामाला हे यश लहान नव्हतं. तरीही तीन वर्षांत त्याचं गाणं थांबलं आणि नंतर चाळीसहून अधिक वर्षं नव्या गाण्यांचा अल्बम आला नाही. आज स्ट्रीमिंगवर किंवा जुन्या तबकड्यांच्या दुकानात ज्याला तो सापडतो, त्याला आधी चालींचा आनंद होतो आणि मग हा माणूस गेला कुठे, याचं कोडं पडतं. कोड्याचं उत्तर बऱ्याच अंशी एका करारात आहे. पण आधी गाण्यांकडे जायला हवं, कारण काय गमावलं हे त्याशिवाय कळत नाही.

ऱ्होड्सचा जन्म 25 फेब्रुवारी 1950चा, इलिनॉय राज्यातल्या डेकेटरचा. लहानपणीच तो कुटुंबाबरोबर हॉथॉर्नला आला. लॉस एंजेलिसच्या विमानतळापासून जवळचं, साध्या बैठ्या घरांचं हे गाव पॉप संगीताच्या नकाशावर आधीच होतं. बीच बॉइजमधले विल्सन बंधू इथल्याच 119व्या रस्त्यावरच्या घरात वाढले. ते घर पुढे महामार्गासाठी पाडलं गेलं आणि 2005 साली त्या जागी स्मारक उभं राहिलं. ब्रायन विल्सननं घरातल्या खोलीत भावांना बसवून एकावर एक आवाज चढवायला शिकवलं, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच गावातला दुसरा मुलगा काही वर्षांनी स्वतःवर स्वतःचाच आवाज चढवत बसला होता, ते मात्र फार थोड्यांना माहीत आहे.

सुरुवात त्यानं ड्रमपासून केली, आणि हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. शाळकरी वयातच तो ‘पॅलेस गार्ड’ या बँडमध्ये ड्रम वाजवत होता. हॉलिवूडच्या सनसेट बुलेव्हार्डवर ‘हुलाबलू’ नावाचा क्लब होता, तिथला हा घरचा बँड. बीटल्स अमेरिकेत उतरून फार दिवस झाले नव्हते आणि प्रत्येक क्लबला तसा एक बँड हवा होता. रोज रात्री इतरांच्या गाण्यांना ठेका धरता धरता या मुलाला ठेक्याच्या पुढचं दिसायला लागलं. गिटार, पियानो तो शिकत गेला. 1966 साली तो बाहेर पडला आणि ‘मेरी-गो-राउंड’ हा स्वतःचा बँड उभा राहिला. इथे तो ड्रममागून उठून पुढे माइकसमोर आला आणि बहुतेक गाणी त्याचीच होती.

ए अँड एम कंपनीनं या बँडला घेतलं. 1967 साली ‘लिव्ह’ हे त्यांचं सिंगल देशाच्या यादीत 63व्या क्रमांकाला गेलं. नंतरचं ‘यू आर अ व्हेरी लव्हली वूमन’ 94च्या पुढे सरकलं नाही. आकडे किरकोळ वाटतील, पण गाण्यांना पाय फुटले. इंग्लंडच्या फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या लोकसंगीत-रॉक बँडनं 1968च्या आपल्या पहिल्या अल्बमसाठी ऱ्होड्सचं ‘टाइम विल शो द वायझर’ निवडलं. गायिका लिंडा रॉन्स्टॅटनं त्याची ‘लव्हली वूमन’ आपल्या आवाजात गायली. सतरा-अठराव्या वर्षी लिहिलेली गाणी दुसऱ्या मातब्बर गळ्यांना घ्यावीशी वाटतात, यातच त्यांच्या चालींचं वजन कळतं.

1969 साली बँड मोडला. कंपनीला एक अल्बम देणं बाकी होतं, म्हणून ऱ्होड्सनं भाडोत्री स्टुडिओ-वादकांना घेऊन काही गाणी केली. कंपनीनं ती ठेवून दिली. पुढे ऱ्होड्सचं नाव झाल्यावर तीच गाणी ‘द अमेरिकन ड्रीम’ नावानं त्याच्या नव्या अल्बमच्या सुमारास बाजारात आणली. दुकानात एकाच गायकाचे दोन ताजे अल्बम शेजारी शेजारी उभे राहिले, एक त्याचा मनापासूनचा, दुसरा कपाटातून काढलेला. ग्राहकानं कुठला घ्यायचा?

मनापासूनचा अल्बम गॅरेजमध्ये झाला. एबीसी/डनहिल कंपनीकडून त्याला 5,000 डॉलर आगाऊ मिळाले आणि ते त्यानं ध्वनिमुद्रणाच्या सामानात घातले. अँपेक्सचं चार ट्रॅकचं टेप यंत्र होतं. आज हातातल्या फोनवर कितीही ट्रॅक घेता येतात, त्यामुळे चार ट्रॅकवर एकट्यानं काम करणं म्हणजे काय हे थोडं उलगडून सांगायला हवं.

टेपची पट्टी रुंदीत चार भागांत विभागलेली असते. पहिल्या भागावर, समजा, पियानो घेतला. तो कानात हेडफोननं ऐकत दुसऱ्या भागावर ड्रम वाजवायचे, मग बेस, मग गिटार. चारही भाग भरले की पुढे जागा नाही. म्हणून चौथा रिकामा असतानाच पहिले तीन एकत्र मिसळून त्यावर उतरवायचे, म्हणजे तीन पुन्हा मोकळे. पण एकदा मिसळलेलं परत वेगळं करता येत नाही. पियानो जरा मोठा झाला, बेस दबला, तर तो तसाच कायमचा राहणार. शिवाय प्रत्येक उताऱ्यागणिक टेपची सरसर वाढते. त्यामुळे पहिला सूर वाजवतानाच शेवटचं गाणं डोक्यात पूर्ण ऐकू यावं लागतं. चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून.

यापेक्षाही अवघड गोष्ट म्हणजे लय. चार माणसं एका खोलीत वाजवतात तेव्हा लय त्यांच्यामध्ये असते. ड्रमवाला जरा ओढतो, बेसवाला सावरतो, गाणारा श्वास घेतो तिथे सगळे थांबतात. एकट्यानं वाजवताना समोर कुणी नाही. तासाभरापूर्वीच्या स्वतःशी जुळवून घ्यायचं असतं, आणि तो तासाभरापूर्वीचा माणूस आता बदलणार नसतो. म्हणूनच एकट्यानं केलेल्या पुष्कळ ध्वनिमुद्रणांमध्ये एक ताठरपणा ऐकू येतो, वाद्यं बरोबर असतात पण एकमेकांशी बोलत नाहीत. ऱ्होड्सच्या अल्बममध्ये ती बोलतात. हा त्याचा सगळ्यात मोठा पराक्रम आणि सगळ्यात कमी चर्चा झालेला. मुळात ड्रमवाला असलेला हा मुलगा लय पाठीच्या कण्यात घेऊन बसला होता. ड्रमचा आवाज कोरडा, जवळचा, ठाशीव आहे. गॅरेजमध्ये कसला आलाय घुमारा! पण त्या जवळिकीमुळे गाणारा चार हातांवर बसल्यासारखा वाटतो.

घरच्या टेपवरचं हे काम शेवटी मिसळून घ्यायला कीथ ऑल्सन आणि कर्ट बेचर हे दोन जाणकार होते. बेचर हा कॅलिफोर्नियाच्या बहुस्वरी पॉपमधला मोठा कसबी माणूस. ऑल्सननं पुढे 1975 साली फ्लीटवूड मॅकचा गाजलेला अल्बम केला. गॅरेजमधून आलेली टेप त्यांनी अशी हाताळली की घरगुतीपणा राहिला आणि अपुरेपणा गेला.

आता चाली. ‘विथ माय फेस ऑन द फ्लोअर’ या पहिल्याच गाण्यात प्रेमात तोंडघशी पडलेला मुलगा आहे आणि चाल मात्र उड्या मारणारी. दुःखाला हसरी चाल देणं हे पॉपमधलं जुनं कसब, पण इथे ते वरवरचं राहत नाही. मुलगा स्वतःची फजिती सांगतोय आणि सांगताना त्याला गंमतही वाटतेय, हे दोन्ही एकाच आवाजात कळतं. लगेच येणारं ‘समबडी मेड फॉर मी’ अधिक मोकळं, अधिक आशेचं. ‘फ्रेश ॲज अ डेझी’मध्ये पियानो ठुमकत येतो आणि मुखडा असा बसतो की दोनदा ऐकल्यावर तिसऱ्यांदा ऐकायला यंत्राची गरज उरत नाही. ‘ललबाय’ ही अंगाई तर जेमतेम मिनिटभराची. एखाद्यानं तिला दुसरं कडवं, तिसरं कडवं जोडून मोठं केलं असतं. ऱ्होड्सनं तिला हातही लावला नाही. वीस वर्षांच्या माणसाला कुठे थांबायचं हे कळणं दुर्मीळ.

आपल्याकडच्या कानाला या चालींची गंमत कशात आहे हे सांगायचं तर बेसकडे बोट दाखवावं लागेल. आपल्या गाण्यात षड्ज स्थिर असतो, तानपुरा तो सोडत नाही, आणि चाल त्याच्या आधारानं फिरते. पाश्चात्त्य पॉपमध्ये खालची जमीनच सरकत असते. गळ्यानं एकच सूर धरून ठेवला आणि खालचा कॉर्ड बदलला, तर त्याच सुराचा भाव बदलतो. मघाशी जो सूर घरी पोचल्यासारखा वाटत होता, तोच आता दारात ताटकळल्यासारखा वाटतो. त्यातही बेस गिटारनं कॉर्डच्या मूळ सुरावर न राहता त्याच्या गंधारावर किंवा पंचमावर पाय ठेवला, की गाणं तोल जाता जाता पुढे झुकतं. मॅकार्टनीनं बीटल्समध्ये ही युक्ती कळसाला नेली होती. ऱ्होड्सनं ती आत्मसात केली. त्याचा बेस ठेका तर धरतोच, शिवाय खालून दुसरी चाल गातो. अल्बम दुसऱ्यांदा ऐकताना फक्त बेसच्या मागे जावं. बाराही गाणी नव्यानं भेटतात.

दुसरी गोष्ट मधल्या कडव्याची. मुखडा, अंतरा, पुन्हा मुखडा हे आपल्याला भावगीतापासून ओळखीचं आहे. बीटल्सच्या वळणाच्या गाण्यात याशिवाय मध्यावर एक वेगळाच तुकडा येतो, ज्याला ते लोक ‘मिडल एट’ म्हणतात. तिथे चाल दुसऱ्याच अंगणात जाऊन येते आणि परतल्यावर तोच मुखडा नवा लागतो. हा तुकडा नुसता भरतीचा असला तर लगेच कळतं. ऱ्होड्सचे हे तुकडे पुष्कळदा गाण्यातला सगळ्यात सुंदर भाग असतात. ‘लिव्ह टिल यू डाय’ या पियानोवरच्या संथ गाण्यात माणसानं आपलं आयुष्य आपल्या मतानं जगावं असं तो म्हणतो. चाल हळूहळू वर चढते आणि ऐकणारा त्याच्याबरोबर चढतो. शब्दांपेक्षा चालीनंच ते पटवलेलं असतं. ‘प्रॉमिसेस आय हॅव मेड’ पुन्हा वेगात आहे. शेवटाकडे सरकताना सूर जरा काळवंडतो, ‘एव्हर फाइंड युअरसेल्फ रनिंग’मध्ये धावून धावून दमलेला माणूस दिसतो. अर्ध्या तासात एका तरुणाचं अख्खं वर्ष गेल्यासारखं वाटतं.

मॅकार्टनीशी तुलना टळणार नव्हतीच. 17 एप्रिल 1970ला ‘मॅकार्टनी’ हा त्याचा पहिला एकट्याचा अल्बम आला. त्यानंही लंडनमधल्या घरी चार ट्रॅकचं यंत्र आणून बरंचसं काम केलं होतं, सगळी वाद्यं स्वतः वाजवली होती, पत्नी लिंडानं साथीला आवाज दिला होता. जगातला सगळ्यात प्रसिद्ध संगीतकार आणि हॉथॉर्नमधला एक अनोळखी मुलगा साधारण एकाच काळात, दोन खंडांवर, एकच उद्योग करत होते. मॅकार्टनीच्या त्या अल्बममध्ये अर्धवट सोडलेले तुकडे आहेत, नुसते वाजवून पाहिलेले प्रसंग आहेत. त्याचं आकर्षणही त्यातच आहे. ऱ्होड्सकडे मात्र प्रत्येक गाणं तासून, घासून पूर्ण केलेलं आहे. बीटल्स फुटल्यावर चाहत्यांना मॅकार्टनीकडून ज्या प्रकारच्या गाण्यांची आस होती, ती त्या वर्षी ऱ्होड्सच्या तबकडीवर अधिक भरून होती, असं ठामपणे म्हणता येतं.

पण ‘एकट्याचे बीटल्स’ या त्याला मिळालेल्या बिरुदानं त्याचं जितकं भलं केलं, तितकंच नुकसान. ऐकणारा सारखेपणा शोधत राहतो आणि वेगळेपण निसटतं. मॅकार्टनी गोष्टी सांगतो, माणसं उभी करतो, दुसऱ्यांच्या आयुष्यात डोकावतो. ऱ्होड्सच्या गाण्यात जवळजवळ सगळं ‘मी’ आणि ‘तू’ एवढ्यात घडतं. एक खोली, एक मुलगी, दिलेला शब्द, न पाळलेला शब्द. त्याचा आवाजही मॅकार्टनीपेक्षा हलका, कोवळा, कडेला किंचित थरथरणारा. मॅकार्टनीच्या आनंदात आत्मविश्वास असतो. ऱ्होड्सच्या आनंदात धाकधूक असते, आणि म्हणून तो अधिक जवळचा वाटतो.

आता करार. एबीसी/डनहिल ही लहान कंपनी नव्हती. स्टेपनवुल्फ, थ्री डॉग नाइट असे खपाचे बँड तिच्याकडे होते. ऱ्होड्सच्या कराराप्रमाणे त्यानं तीन वर्षांत सहा अल्बम द्यायचे होते. म्हणजे दर सहा महिन्यांनी एक.

त्या काळी असे करार सर्रास होत. बीटल्सनीही सुरुवातीला वर्षाला दोन अल्बम दिले. पण बीटल्स चार जण होते, त्यांतले तिघं गाणी लिहीत, जॉर्ज मार्टिनसारखा निर्माता काचेपलीकडे बसलेला होता, तंत्रज्ञ वेगळे होते. ऱ्होड्सच्या बाबतीत ही सगळी खाती एकाच माणसाकडे होती. सहा महिन्यांचे सव्वीस आठवडे धरू. अल्बमला बारा गाणी. एका गाण्याला दोन आठवड्यांहून थोडा जास्त वेळ आला. त्यात शब्द लिहायचे, चाल बांधायची, ड्रम, बेस, पियानो, गिटार, चारपाच आवाज, सगळं एकेक करून वाजवायचं, चुकलं की पुसायचं, शेवटी मिसळायचं. शिवाय अल्बम खपवायला गावोगाव कार्यक्रम करायचे ते वेगळेच, आणि त्या दिवसांत गॅरेजला कुलूप. हा हिशोब सही करताना कुणी मांडला असता तर कागदावरच दिसलं असतं की हे होणार नाही. एकट्यानं करण्यामुळेच जे काम इतकं सुरेख झालं होतं, ते एकट्यानं करण्यामुळेच त्या वेगानं होणं शक्य नव्हतं. कंपनीला हवा होता तो माल, पण तो ज्या पद्धतीनं तयार होत होता त्या पद्धतीला वेळ द्यायला ती तयार नव्हती.

दुसऱ्या अल्बमला, ‘मिरर’ला, जवळजवळ वर्ष लागलं. कंपनीनं दावा ठोकला, 2,50,000 डॉलरचा. आगाऊ दिलेल्या रकमेच्या पन्नास पट. त्याची रॉयल्टीही अडकवून ठेवली. वीस-एकवीस वर्षांच्या मुलाला, ज्याच्या पहिल्या अल्बमवर कंपनीला स्टुडिओचं भाडं किंवा वादकांचं मानधन मोजावं लागलं नव्हतं, त्याच्या उशिराबद्दल ही शिक्षा. हे वाचताना राग येतो आणि तो आवरण्याचं काही कारण दिसत नाही.

‘मिरर’ 1971 साली निघाला. त्यात ‘रिअली वॉन्टेड यू’सारखी दणकट गाणी आहेत, ‘बर्थडे लेडी’सारखी दिलखुलास आहेत, पण पहिल्या अल्बमचा निवांतपणा नाही. गाणारा घाईत आहे हे जाणवतं. यादीत तो 182च्या वर गेला नाही. 1973च्या ‘फेअरवेल टू पॅराडाइज’चं नाव तर निरोपाचंच. काही जाणकारांना हा तिसरा अल्बम सर्वांत प्रगल्भ वाटतो, आणि त्यात तथ्य आहे. सुरावटी गुंतागुंतीच्या झाल्या आहेत, रंग गडद झाले आहेत, उड्या मारणारा मुलगा आता खाली बसून विचार करतोय. पण तोवर ऐकणारे पांगले होते. त्याच वर्षांतलं ‘टेम द लायन’ हे युद्धविरोधी गाणंही फार लांब गेलं नाही. टॉड रंडग्रेननं 1972 साली ‘समथिंग/एनीथिंग?’ या दुहेरी अल्बमच्या चारपैकी तीन बाजू एकट्यानं वाजवल्या, आणि एकट्यानं अख्खा वाद्यमेळ उभा करणारा म्हणून त्याचं नाव इतिहासात पक्कं झालं. ऱ्होड्सनं ते आधी केलं होतं.

चोविशीपर्यंत तो पिचून गेला होता. गाणं सोडलं, पण ध्वनिमुद्रण सोडलं नाही. इलेक्ट्रा/असायलम कंपनीत ध्वनिमुद्रक म्हणून, नवे कलाकार पारखणारा म्हणून काम केलं, इतरांची गाणी टेपवर उतरवली. राहिला हॉथॉर्नमध्येच.

गाणी मात्र स्वस्थ बसली नाहीत. 1984 साली बँगल्स या मुलींच्या बँडनं ‘ऑल ओव्हर द प्लेस’ या आपल्या पहिल्या मोठ्या अल्बममध्ये मेरी-गो-राउंडचं ‘लिव्ह’ घेतलं. 2001 साली वेस अँडरसनच्या ‘द रॉयल टेनेनबॉम्स’ चित्रपटात ती मिनिटभराची ‘ललबाय’ वाजली. जुन्या, बाजूला पडलेल्या गाण्यांची अचूक निवड करण्यासाठी हा दिग्दर्शक ओळखला जातो. चित्रपटाबाहेर पडून त्या आवाजाचा माग काढत कित्येक जण हॉथॉर्नच्या गॅरेजपर्यंत पोचले. 2009 साली इटलीच्या कोसिमो मेस्सेरीनं ‘द वन मॅन बीटल्स’ हा माहितीपट केला आणि त्याच वर्षी 1969 ते 1973मधलं त्याचं सगळं काम एका संचात पुन्हा बाजारात आलं. ज्या देशात तो जन्मला, गायला आणि गप्प झाला, त्या देशाबाहेरच्या माणसानं कॅमेरा घेऊन त्याच्या दारात जावं लागलं, ही गोष्ट लागून राहते.

लॉस एंजेलिसमधला क्रिस प्राइस हा तरुण गीतकार-निर्माता त्याच्या गाण्यांचा वेडा होता. त्यानं ऱ्होड्सशी मैत्री केली, चिकाटीनं त्याला पुन्हा गायला बसवलं. 26 फेब्रुवारी 2016ला ‘रेनबो एंड्स’ निघाला. आदल्याच दिवशी ऱ्होड्सला सहासष्ट वर्षं पूर्ण झाली होती. आधीच्या अल्बमपासून त्रेचाळीस वर्षं.

या अल्बमवरची कलाकारांची यादी वाचताना गळ्यात आवंढा येतो. ‘लिव्ह’ गाणाऱ्या बँगल्समधली सुझाना हॉफ्स आहे. गायिका एमी मॅन आहे. विल्को बँडचा गिटारवादक नेल्स क्लाइन आहे. संगीतकार जॉन ब्रायन आहे. जेलीफिश या चालींसाठी जीव टाकणाऱ्या बँडचे जेसन फॉकनर आणि रॉजर जोसेफ मॅनिंग ज्युनिअर आहेत. ब्रायन विल्सनच्या वाद्यमेळातले वादकही आहेत, म्हणजे हॉथॉर्नच्या दोन घरांमधलं अंतर अखेर मिटलं. यातले बहुतेक सगळे ऱ्होड्सच्या तबकड्या ऐकून वाढलेल्या पिढीचे.

गाणी वयाला साजेशी आहेत. मोडलेला संसार, दोघांमधली भिंत, तेव्हा कळलं असतं तर काय झालं असतं याची टोचणी. ‘डॉग ऑन अ चेन’ या पहिल्याच गाण्यात साखळीला बांधलेल्या माणसाची चिडचिड आहे. आवाज खाली उतरलाय, खरबरीत झालाय, विशीतला कोवळेपणा शोधूनही सापडत नाही. पण चाली! ‘इफ आय न्यू देन’चा मुखडा तितक्याच अलगद बसतो. मधल्या कडव्यात चाल अजूनही दुसऱ्या अंगणात जाऊन येते. त्रेचाळीस वर्षं वापराविना पडलेलं हत्यार गंजलं नव्हतं.

19 जुलै 2020ला ऱ्होड्स सत्तराव्या वर्षी गेला, झोपेतच. त्याचे अल्बम आज कुठेही, कधीही ऐकता येतात. पहिला आणि शेवटचा लागोपाठ ऐकावेत आणि कान ड्रमवर ठेवावा. 1970च्या गाण्यांमध्ये ठेका धरणारा तोच आहे, गॅरेजमध्ये एकटा, मघाशी वाजवलेल्या आपल्याच पियानोशी जुळवून घेणारा. ‘रेनबो एंड्स’मध्ये ड्रम जो सायडर्स वाजवतोय, आणि ऱ्होड्स गातोय.